भरतीच्या पाण्यावर चाललेले सुट्रो बाथ्स

सॅन फ्रान्सिस्को शहर पश्चिमेला जिथे संपते, तिथे पॉइंट लोबोस नावाचे कातळाचे टोक पॅसिफिक महासागरात शिरले आहे. या टोकाच्या कुशीत एक खोलगट जागा आहे. तिच्या तिन्ही बाजूंना चढ आणि चौथ्या बाजूला समुद्र. इथे १८९६ ते १९६६ अशी सत्तर वर्षे ‘सुट्रो बाथ्स’ हे जलतरणगृह उभे होते. एका काचेच्या छपराखाली पोहण्याचे सात हौद, बघ्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांची बैठक, वस्तुसंग्रहालय, गाण्याबजावण्याचा मंच आणि उपाहारगृहे असा सगळा पसारा तीन एकरांत मांडलेला होता. आज तिथे पाया, हौदांचे काठ आणि भिंतींचे बुंधे उरले आहेत. ते पाहायला बारा महिने लोक येतात.

शहराच्या मध्यभागातून गिअरी रस्त्याने जाणारी ३८ क्रमांकाची बस या बाजूला येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या भोवतालच्या ‘बे एरिया’त आता मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलांकडे आलेल्या आईवडिलांना गोल्डन गेट पूल दाखवल्याशिवाय कोणी राहत नाही, पण बहुतेक जण पूल पाहून परत फिरतात. पुलापासून मोटारीने थोडेच पुढे आले की हे अवशेष लागतात. जुलै महिन्यातही इथे स्वेटर लागतो. दुपारी समुद्रावरून धुके चढू लागले की समोरचे सील रॉक्स नावाचे खडक दिसेनासे होतात आणि वारा कानात घुमायला लागतो. इथला समुद्र ऐन उन्हाळ्यातही इतका गार असतो की पायाच्या घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहणे जिवावर येते. वर लाटांना ओढ जबरदस्त. समुद्रकाठी राहूनही या शहरातल्या लोकांना समुद्रात पोहता येत नव्हते. सुट्रो बाथ्सच्या जन्माचे कारण हेच.

ज्याच्या नावाने ही वास्तू ओळखली गेली तो अडॉल्फ सुट्रो १८३० मध्ये प्रशियातल्या आखेन गावी एका ज्यू कुटुंबात जन्मला. कॅलिफोर्नियातल्या सोन्याची हाक ऐकून १८५० मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आला, पण सोने धुवायच्या फंदात न पडता त्याने तंबाखूचा व्यापार केला. पुढे शेजारच्या नेवाडात कॉमस्टॉक नावाची चांदीची अफाट शीर सापडली, तेव्हा तो तिकडे गेला. तिथल्या खाणी खोल जाऊ लागल्या तशा त्यांत गरम पाणी भरू लागले. हवा कोंडत होती आणि माणसे होरपळत होती. पाणी वर उपसत बसण्यापेक्षा डोंगराच्या पायथ्यापासून खाणीच्या तळापर्यंत एक लांब बोगदा खोदावा, पाणी आपल्या वजनाने वाहून जाईल आणि हवाही खेळेल, अशी सुट्रोची कल्पना होती. खाणमालकांना आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या बँकवाल्यांना ती मानवली नाही. १८६९ च्या एप्रिलमध्ये यलो जॅकेट खाणीत आग लागली आणि तीसहून अधिक कामगार आत गुदमरून, भाजून मेले. त्यानंतर खाणकामगारांच्या संघटनांनी स्वतःचा पैसा सुट्रोच्या बोगद्यात घातला आणि त्याच वर्षी काम सुरू झाले. जवळजवळ सहा किलोमीटर लांबीचा हा बोगदा १८७८ मध्ये खाणीला जाऊन भिडला. तोवर कॉमस्टॉकची भरभराट ओसरू लागली होती. सुट्रोने आपले भाग विकले आणि मोठी रक्कम घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला.

हा पूर्वेतिहास इथे सांगण्याला कारण आहे. डोंगराच्या पोटातून पाणी बाहेर काढणाऱ्या माणसानेच पुढे बोगदा खोदून समुद्राचे पाणी आत घेतले. दोन्ही कामांत पाण्याला फुकट वाहू देणे ही युक्ती एकच आहे. आणि कामगारांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या कामाची आठवण सुट्रोने आयुष्यभर बाळगली असावी, असे त्याच्या पुढच्या व्यवहारावरून वाटते.

१८८१ मध्ये त्याने शहराच्या या ओसाड पश्चिम टोकाची जमीन घ्यायला सुरुवात केली. वाळूच्या टेकड्या आणि वारा यांखेरीज इथे फारसे काही नव्हते. कड्यावर ‘क्लिफ हाउस’ नावाचे एक उपाहारगृह तेवढे होते, तेही त्याने विकत घेतले. वरच्या टेकडीवर त्याने घर केले, भोवती बाग केली, युरोपातल्या पुतळ्यांच्या नकला मागवून जागोजाग बसवल्या आणि ती बाग लोकांना हिंडायला खुली केली. ‘सुट्रो हाइट्स’ या नावाने ती आजही सार्वजनिक उद्यान आहे. कड्याच्या टोकाशी उभे राहिले की दक्षिणेकडे ओशन बीचची सरळ रेघ दूरवर दिसते.

बागेतून सुट्रोला खालचा कातळ रोज दिसत असे. भरतीच्या वेळी लाटा खडकावरून उसळून मागच्या खळग्यात पडत आणि ओहोटी लागली की खळग्यात मासे, खेकडे, समुद्री फुले अडकून राहत. त्याने त्या खळग्याला भिंत घालून मोठे कुंड केले, म्हणजे लोकांना कोरड्या पायांनी समुद्रातले जीव पाहता येतील. हे निसर्गाचे मत्स्यालय म्हणजे सुट्रो बाथ्सची पहिली पायरी. कुंड आपोआप भरते हे दिसल्यावर, एवढ्या पाण्याचा पोहण्यासाठी उपयोग का करू नये, हा विचार ओघाने आला.

या वास्तूतली सर्वांत थोर गोष्ट तिची पाण्याची व्यवस्था होती. जुन्या छायाचित्रांत काचेचे छप्पर आणि ताडाची झाडे नजरेत भरतात, पण तशी छपरे त्या काळात इतरत्रही बांधली जात होती. इथे भरतीची लाट खडकाच्या कडेवरून कुंडात पडे. कुंडातून कातळात खोदलेल्या बोगद्यावाटे पाणी निवळणीच्या टाकीत येई. तिथे वाळू आणि शेवाळ तळाशी बसे आणि वरचे स्वच्छ पाणी पाटाने हौदांकडे जाई. वाटेत हव्या त्या हौदाचे पाणी बॉयलरच्या वाफेने तापवले जाई. सगळ्या हौदांत मिळून सुमारे अठरा लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ अडुसष्ट लाख लिटर पाणी मावे. भरती चांगली असली तर हे सगळे पाणी तासाभरात बदलून निघे, त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नसे. ओहोटीच्या वेळी मात्र समुद्रपातळीवरच्या गुहेत बसवलेला पंप चालवावा लागे. तो मिनिटाला सहा हजार गॅलन पाणी चढवी, तरीही हौद भरायला पाच तास लागत. समुद्राचे एका तासाचे काम पंपाला पाच तासांत करावे लागे, एवढ्यावरून भरतीचे बळ कळते.

आज अवशेषांत उतरल्यावर ही सारी रचना उघड्यावर पाहता येते. समुद्राच्या बाजूला कुंडाची जाड भिंत अजून तग धरून आहे. उधाणाची लाट आली की पाणी आजही तिच्यावरून आत कोसळते. उत्तरेकडच्या कड्यात माणूस सहज चालू शकेल एवढा उंच बोगदा आहे. आत पायाखाली ओल, दोन्ही बाजूंना कातळ, आणि मध्येच बाजूच्या भोकातून समुद्र असा गरजतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. प्रस्तुत लेखकाने भरतीच्या सुमारास या बोगद्यात उभे राहून खालच्या फटीत शिरणाऱ्या लाटा पाहिल्या. दर लाटेबरोबर हवा आत ढकलली जाई आणि तोंडावर खारट तुषार येत. पंप, बॉयलर, काचा, लोखंड सारे गेले. पाणी आणण्याची वाट तेवढी शाबूत आहे, कारण ती कातळात कोरलेली आहे.

हौदांवरची इमारत सुमारे पाचशे फूट लांब आणि अडीचशे फूट रुंद होती. एमिल लेमे आणि सी. जे. कॉली या वास्तुविशारदांनी तिचा आराखडा केला. छपराला एक लाख चौरस फूट काच आणि सांगाड्याला सहाशे टन लोखंड लागले. ग्रीक देवळासारखे प्रवेशद्वार वर रस्त्याच्या पातळीवर होते. तिथून आत शिरणाऱ्याला पाण्यापर्यंत पोचायला रुंद जिना उतरावा लागे. जिन्याच्या दोन्ही अंगांना ताड आणि परदेशी रोपे होती. उतरता उतरता एका बाजूला संग्रहालयाची दालने लागत, दुसरीकडे उपाहारगृहे, आणि खाली अचानक सगळा जलाशय दिसे. सात हौदांपैकी एक गोड्या पाण्याचा आणि सहा खाऱ्या पाण्याचे. सर्वांत मोठा हौद काटकोनात वळलेला होता आणि त्याचे पाणी समुद्राइतकेच थंड असे. बाकीच्यांत निरनिराळ्या तपमानाचे पाणी असे, त्यामुळे थंडी सोसणारा, न सोसणारा, म्हातारा आणि लहान मूल प्रत्येकाला आपापला हौद मिळे. घसरगुंड्या होत्या, उंचावरून सूर मारायच्या फळ्या होत्या, पाण्यावर लोंबकळत झेप घ्यायला झुले होते. इमारतीत एका वेळी दहा हजार माणसे मावत, आणि त्यांतली पुष्कळ जण नुसती बघायला आलेली असत. काठावरच्या पायऱ्यांवर बसून इतरांचे पोहणे पाहणे हाही करमणुकीचा मोठा भाग होता. १८९७ मध्ये एडिसनच्या कंपनीने इथे एक छोटा चलत्‌चित्रपट घेतला. त्यात घसरगुंडीवरून धडाधड पाण्यात पडणारी माणसे दिसतात.

पोशाखांची व्यवस्था मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तेव्हा पोहण्याचा पोशाख बहुतेकांच्या घरी नसे. सुट्रो बाथ्सकडे भाड्याने द्यायला वीस हजार पोशाख आणि चाळीस हजार टॉवेल होते. पोशाख काळ्या लोकरीचे होते आणि अंगावर बाथ्सचे नाव असे. पाण्यात भिजल्यावर लोकर जड होऊन लोंबत असे, पण थंडीत उबही तीच देत असे. कपडे बदलायला ५१७ खोल्या होत्या. गर्दीच्या रविवारी ओल्या लोकरीचे ढीगच्या ढीग धुऊन, वाळवून, मापाप्रमाणे लावून पुन्हा खिडकीवर आणायचे म्हणजे एका छोट्या कारखान्याचे काम होते. नुसते आत जायला दहा सेंट पडत. पोहायचे असेल तर पंचवीस सेंट, त्यात पोशाख आणि टॉवेल आला. म्हणजे हात हलवत आलेला मजूरही पाव डॉलरमध्ये गरम खाऱ्या पाण्यात दिवसभर डुंबू शकत असे.

संग्रहालय ही सुट्रोच्या हौसेची बाजू. जगप्रवासात आणि पुढेही त्याने जे जे जमवले ते त्याने इथे मांडले. पेंढा भरलेले प्राणी, पक्षी, शंखशिंपले, नाणी, चित्रे आणि इजिप्तच्या ममीसुद्धा. पद्धतशीर संग्रहालयाच्या कसोटीला ही मांडणी उतरली नसती. पण आयुष्यात दुसरे संग्रहालय पाहण्याची संधी नसलेल्या हजारो लोकांना तिथे पेंढा भरलेले प्राणी आणि मृत इजिप्शियन माणसाचा चेहरा पाहायला मिळाला, ही गोष्ट लहान नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत सुट्रोने ‘मेरी वे’ नावाचे जत्रेसारखे मैदान काढले. १८९४ च्या शहरातल्या मोठ्या प्रदर्शनातला प्रचंड पाळणा त्याने तिथे आणून उभा केला. मैदान फार दिवस चालले नाही. आता त्या जागी वाहनतळ आहे आणि त्याचे नाव मात्र मेरी वेच राहिले आहे.

आत जायचे तिकीट स्वस्त ठेवून भागत नव्हते. शहराची वस्ती पूर्वेला आणि हे टोक काही मैल दूर पश्चिमेला. सामान्य माणूस इथे येणार कसा, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी १८८८ पासून वाफेच्या इंजिनाची एक छोटी रेल्वे कड्याच्या कडेकडेने धावत होती. तिचे भाडे पाच सेंट असावे असा सुट्रोचा आग्रह होता. पण ही गाडी सदर्न पॅसिफिक या बलाढ्य रेल्वे कंपनीच्या मंडळींच्या हातात गेली. गाडी बदलून येणाऱ्या प्रवाशाला दोनदा, म्हणजे एकूण दहा सेंट मोजावे लागू लागले. आज दहा आणि पाच सेंटांतला फरक हास्यास्पद वाटेल. हिशेब केला की तो कळतो. पाच जणांच्या कुटुंबाला जाऊन येऊन दहा सेंटांच्या दराने एक डॉलर लागे, आणि त्याच कुटुंबाचे पोहणे सव्वा डॉलरमध्ये होत असे. गाडीचे भाडे जवळजवळ पोहण्याइतके झाले तर कामगार घरीच बसणार, हे सुट्रोला दिसत होते.

तो कंपनीशी भांडायला उभा राहिला. वर्तमानपत्रांत लिहिले, सभा घेतल्या, भाड्याच्या प्रश्नावर लोकांना जागे केले. सदर्न पॅसिफिकला लोक तेव्हा ‘ऑक्टोपस’ म्हणत, कारण राज्याच्या राजकारणापासून शहराच्या ट्रामपर्यंत सगळीकडे तिचे हात पोचलेले होते. या लढ्याच्या जोरावर १८९४ मध्ये पॉप्युलिस्ट पक्षातर्फे सुट्रो शहराचा महापौर म्हणून निवडून आला. १८९५ ते १८९७ ही दोन वर्षे त्याने हे पद सांभाळले, पण कारभार करण्याची हातोटी त्याच्यात नव्हती आणि नगरमंडळाशी त्याचे जमले नाही. महापौर म्हणून त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. भाड्याचे काम त्याने दुसऱ्या मार्गाने केले. त्याने स्वतःची विजेची ट्राम बांधली आणि पाच सेंटांत माणसे समुद्रापर्यंत आणायला सुरुवात केली. ही ट्राम १८९६ च्या आरंभी सुरू झाली. त्याच सुमारास आगीत जळालेल्या क्लिफ हाउसच्या जागी त्याने सात मजली, मनोऱ्यांचे नवे क्लिफ हाउस बांधले. १४ मार्च १८९६ रोजी सुट्रो बाथ्सचे रीतसर उद्घाटन झाले. एखाद्या धनिकाने लोकांसाठी तलाव बांधल्याची उदाहरणे बरीच आहेत. तलावापर्यंतच्या भाड्यासाठी रेल्वे कंपनीशी वैर पत्करणारा मालक विरळा.

लोकांसाठी म्हणून बांधलेल्या या तलावात ‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र सव्वा वर्षातच पुढे आला. ४ जुलै १८९७ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, जॉन हॅरिस नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण तिकीट काढून आत गेला. पोशाख देण्याच्या खिडकीवर त्याला नकार मिळाला. काठावर बसून पाहायला हरकत नव्हती, पाण्यात उतरायला होती. काही दिवसांनी तो पुन्हा आला, पुन्हा तोच अनुभव आला. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणी सर्वांना समान वागणूक देण्याचा एक कायदा झाला होता. तो मांडणाऱ्या सदस्याच्या नावावरून त्याला डिबल कायदा म्हणत. हॅरिसने या कायद्याखाली सुट्रोवर दावा लावला. बाथ्सच्या बाजूने सांगण्यात आले की काळ्या माणसांना पाण्यात उतरू दिले तर गोरे गिऱ्हाईक येणे बंद होईल आणि धंदा बसेल. १८९८ मध्ये निकाल हॅरिसच्या बाजूने लागला आणि त्याला शंभर डॉलर भरपाई मिळाली.

रक्कम थोडी होती. निकाल लागला म्हणून खिडकीवरचा व्यवहार दुसऱ्या दिवसापासून बदलला, असे मानायलाही आधार नाही. तरी हा दावा सुट्रो बाथ्सच्या इतिहासात काचेच्या छपरापेक्षा मोठा मानला पाहिजे. ज्याने पाच सेंटांसाठी एका कंपनीशी झुंज घेतली, त्याच माणसाच्या दारात तिकीट हातात असलेल्या एका नागरिकाला पोशाख नाकारला गेला. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या भीतीने घेतलेली ही भूमिका सुट्रोच्या मोठेपणातली उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. हॅरिस मात्र भला माणूस. एकदा अपमान झाल्यावर तो पुन्हा गेला, आणि नव्या कोऱ्या कायद्याला त्याने कामाला लावले.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये सुट्रो वारला. त्याची मालमत्ता जमिनीत अडकलेली होती. शहराच्या एकूण जमिनीपैकी सुमारे बारावा हिस्सा एके काळी त्याच्या नावावर होता, असे सांगतात. पण हाताशी रोकड थोडी होती. वारसांकडे आलेले बाथ्स दिसायला वैभवाचे असले तरी फायद्याचे कधीच नव्हते. दहा हजारांची सोय असलेल्या जागी गर्दी सुट्टीच्या दिवशीच व्हायची. बाकीचे दिवस बॉयलर, धुलाई, पहारेकरी आणि रंगरंगोटी यांचा खर्च तेवढाच. खाऱ्या हवेने लोखंड कुजत होते आणि काचा सतत बदलाव्या लागत. १९०६ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग पडला आणि जळाला, पण काचेची ही इमारत फारशी इजा न होता टिकली. सुट्रोने जमवलेल्या ग्रंथसंग्रहाचे दैव तसे नव्हते. सुमारे अडीच लाख ग्रंथांपैकी निम्मे त्या आगीत गेले. सात मजली क्लिफ हाउस भूकंपातून वाचले आणि पुढच्याच वर्षी आगीत भस्म झाले.

१९२५ हे वर्ष बाथ्सला जड गेले. कड्यावरून जाणारा लोहमार्ग दरडी कोसळून कायमचा बंद पडला. त्याच वर्षी थोड्या अंतरावर दक्षिणेला नगरपालिकेने फ्लाइशहॅकर पूल नावाचा हजार फूट लांबीचा, तापवलेल्या समुद्राच्या पाण्याचा उघडा तलाव सुरू केला. पुढे मोटारी आल्या आणि लोक रविवारी दूरदूर जाऊ लागले. पोहण्याच्या पाण्याविषयी आरोग्य खात्याचे नियम कडक झाले. नंतर मंदी आली. १९३० च्या दशकात सुट्रोच्या नातवाने इमारतीला नवे तोंड दिले, आत वाळूचा नकली किनारा केला आणि शेवटी मोठ्या हौदावर बर्फावर घसरण्याचे रिंगण बांधले. त्यामुळे १९४० नंतर इथे आलेल्या मुलांना हे ठिकाण मुख्यतः स्केटिंगची जागा म्हणून माहीत आहे. आजही त्या पिढीतले म्हातारे अवशेषांपाशी उभे राहून नातवंडांना बर्फाच्या गोष्टी सांगतात.

१९५२ मध्ये जॉर्ज व्हिटनी यांनी बाथ्स विकत घेतले. ओशन बीचवरच्या ‘प्लेलँड’ या करमणुकीच्या मैदानाचे ते मालक होते. त्यांनी संग्रहालयात नाणे टाकून चालणारी यंत्रे, संगीतपेट्या आणि सर्कशीतल्या वस्तू मांडल्या. आगीनंतर पुन्हा बांधलेल्या क्लिफ हाउसपासून समोरच्या टोकापर्यंत, खालच्या कुंडावरून जाणारा एक पाळणाही त्यांनी तारेवर चालवला. पोहणे त्याच दशकात संपले. १९६४ मध्ये जागा विकासकांकडे गेली आणि तिथे उंच इमारती बांधायचे ठरले. पाडापाडी सुरू असतानाच २६ जून १९६६ रोजी आग लागली आणि उरलेसुरले छप्पर, लाकूड, जिने सारे जळाले. आग लावली गेली असावी असा संशय होता. इमारती काही उभ्या राहिल्या नाहीत. १९७२ मध्ये या किनाऱ्यासाठी गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र स्थापन झाले आणि १९८० मध्ये बाथ्सची जागा त्यात आली. अवशेष आहेत तसे ठेवायचे, त्यांवर नवे काही बांधायचे नाही, असे राष्ट्रीय उद्यान खात्याचे धोरण राहिले. हा निर्णय शहाणपणाचा ठरला. पुन्हा काचेचे घर बांधले असते तर पंचवीस सेंटांचे तिकीट काही परत आले नसते.

आता वाहनतळाच्या वरच्या अंगाला २०१२ मध्ये बांधलेले लँड्स एंड लुकआउट हे माहितीकेंद्र आहे. तिथून पायऱ्यांनी उतरले की आधी मोठ्या हौदाची जागा लागते. तिच्यात आता डोंगरातून झिरपणारे गोडे पाणी साठते, बदके पोहतात, कडेला बोरू माजतो. २०१२ च्या अखेरीस या डबक्यात एक नदीतले पाणमांजर येऊन राहिले. कित्येक दशकांत शहराच्या हद्दीत पाणमांजर कोणी पाहिले नव्हते. लोकांनी त्याचे ‘सुट्रो सॅम’ असे नाव ठेवले आणि त्याला पाहायला रांगा लागल्या. पुढे काँक्रीटच्या अरुंद भिंती येतात. ओल आणि शेवाळामुळे त्यांवर पाय निसटतो. समुद्राकडच्या कडेला धोक्याचे फलक आहेत आणि ते मनावर घ्यावेत, कारण खडकावरून लाटेने ओढून नेलेल्यांची संख्या थोडी नाही. निवळणीच्या टाकीची चौकट, पाटाची खूण आणि बॉयलरखान्याचा पाया हे ओळखायला माहितीकेंद्रातली जुनी छायाचित्रे आधी पाहून उतरलेले बरे. नाहीतर नुसते काँक्रीटचे तुकडे दिसतात. ज्याचे पाय चांगले असतील त्याने ओहोटीच्या सुमारास बोगदाही पाहावा. उत्तरेकडे जाणारी किनाऱ्याची पायवाट दरडींनी बंद पाडलेल्या त्या जुन्या लोहमार्गावरूनच जाते.

आतल्या वस्तूंपैकी काही अजून पाहता येतात. इजिप्तचा संग्रह, ममी आणि शवपेट्यांसह, सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात आहे. उरलेला सुट्रो ग्रंथसंग्रहही त्याच विद्यापीठाच्या आवारात राज्य ग्रंथालयाच्या ताब्यात आहे. नाणे टाकून चालणाऱ्या जुन्या यंत्रांचे ‘म्युझे मेकॅनिक’ बरीच वर्षे क्लिफ हाउसच्या तळघरात होते. २००२ मध्ये ते फिशरमन्स व्हार्फवर हलले. तिथे प्रवेश फुकट आहे, आणि नाणी टाकून ती यंत्रे चालवून पाहता येतात.